जाकिटाचा प्रेषक

जगातली प्रत्येक वस्तू कोणीतरी कोणाला तरी पाठवलेली आहे, आणि पाठवणाऱ्याचं नाव-गाव ठाऊक नसताना ती वापरणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडून वाचणं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, त्यांना देण्यात आली तेव्हा मुलगा सरकारी नोकरीत आहे, निर्व्यसनी आहे, एवढीच माहिती आमच्या सासऱ्यांना मिळाली होती. चौकशी कमी पडली, असं ताई अजून म्हणते.

साडूभाऊंची सगळी नोकरी रेल्वेच्या डाकडब्यात गेली. चालत्या गाडीत उभं राहून पत्रांवरचे पत्ते वाचायचे आणि भिंतीतल्या खणांत ज्या त्या गावाचं पत्र टाकायचं, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं, की अजूनही ते पाय फाकवून उभे राहतात. वाशीमची जमीन कधीही वळण घेईल अशी त्यांना धास्ती असावी. जिल्ह्यातलं कोणतंही खेडं सांगा, त्याचं पोस्ट, त्याचा तालुका आणि त्याच नावाचं दुसरं गाव महाराष्ट्रात कुठं आहे ते त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. आमच्या लग्नात पंगतीला बसलेल्या माझ्या मामांना त्यांनी गाव विचारलं आणि मामांनी सांगितल्यावर "असं गाव तीन ठिकानी हाये, तुमी कोन्तं?" असं विचारून वरपक्षाला पहिल्याच दिवशी गप्प केलं होतं.

ते निवृत्त झाले आणि पत्रं संपली, पण हात थांबेना. मग त्यांनी घरातल्या वस्तूंची वर्गवारी सुरू केली. कागदाच्या, आणि कपड्यांसाठी कापडाच्या, लहान चिठ्ठ्या, त्यावर टपालातल्या घोटीव अक्षरात 'प्रेषक' आणि पुढे नाव, गाव, तालुका, जिल्हा. सुपाच्या चिठ्ठीवर ते विणणाऱ्या बाईचं नाव आहे, ती शेलूबाजारच्या बाजारात कुठं बसते ते आहे आणि बांबू कुठल्या जंगलातला तेही आहे. मिक्सरवर 'प्रेषक: धाकटा मेव्हणा, अकोला, मूळ ठिकाण: चौकशी सुरू' असं आहे, आणि ती चौकशी मिक्सर दोनदा जळाला तरी संपलेली नाही. प्लास्टिकच्या बादल्या, मोजे, पायपुसणी यांच्या नशिबी 'प्रेषक अज्ञात' आलं आहे. ताईने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्यांवर, काम सोपं असल्यामुळे, 'प्रेषक: घरगुती' एवढंच आहे. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलं की पाहुण्याला अंगावरचं पांघरूण वाचत झोपावं लागतं. "लोकायच्या घरी पाव्हने पानी पेतात," ताई एकदा मला म्हणाली, "माया घरी तांब्या उलटा करून पाह्यतात."

त्यातही त्यांचा खरा जीव लोकरीवर. कापसाचं त्यांना काही वाटत नाही. कापूस आमच्याकडे दारासमोरून ट्रॅक्टर भरभरून जातो, त्याचा प्रेषक रस्त्यात थांबवून विचारता येतो. लोकर मात्र मेंढीच्या अंगावरून निघते ती कुठं जाते, कोणाच्या हातातून फिरते आणि कुठल्या दुकानात कोणाच्या नावाने प्रकट होते, याचा पत्ता लागत नाही, आणि पत्ता न लागणं त्यांना सहन होत नाही. दर हिवाळ्यात वाशीमला स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात. साडूभाऊ पहिल्या दिवशी हजर. "ही लोकर कोन्त्या मेंढीची?" विकणाऱ्या बाई सांगतात, माल लुधियानाचा. "लुधियानाले मेंढरं कोन्या रानात चरतात? कातरनारा कोन? त्याले मजुरी पुरती भेटते का?" पहिल्या वर्षी त्या बाईंनी त्यांना सरकारी माणूस समजून दोन मफलर काढून ठेवले होते. आता त्या ओळखतात. ते आले की स्टूल पुढे करतात, चहा सांगतात आणि विचारायच्या आधीच "नहीं मालूम, बाबूजी" म्हणून टाकतात. मग साडूभाऊ चहा पितात, चहाची पत्ती कुठली ते विचारतात आणि स्वेटर न घेता घरी येतात. थंडीत ते कानाला सुती पंचा बांधून फिरतात. एवढं स्वस्त कसं परवडतं, कोणाच्या तरी पोटावर पाय पडल्याशिवाय परवडत नाही, हे त्यांचं मत आहे, आणि ते खोटं आहे असं मला कधी सिद्ध करता आलेलं नाही.

खिशात ते काडेपेटी बाळगतात. बिडी नाही, देव्हाऱ्याचं काम नाही, फक्त धागा जाळून पाहायला. खरी लोकर जळली की केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख होते, नकली असली की वितळून गोळी होते. त्यांच्या स्वतःच्या निरोप समारंभात हे शास्त्र अख्ख्या कार्यालयाला शिकायला मिळालं. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हाती नारळ दिला आणि साडूभाऊंच्या निष्ठेवर भाषण सुरू केलं. भाषण रंगात आलं असताना मागच्या खुर्चीवर साडूभाऊंनी शालीच्या झालरीचा एक धागा ओढला, काडी ओढली आणि वास घेतला. साहेब थांबले. "तुमचं चालू द्या साहेब," साडूभाऊ म्हणाले, "पिलॅस्टिक हाये." ताईने पुढचे आठ दिवस कोणाच्याही घरी जाणं टाळलं.

अशा माणसाच्या हाती माझं जाकीट पडलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, माझ्या अंगावर कोणी बारकाईने पाहावं असं सहसा काही नसतं. पण मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि तिने मला देशी लोकरीचं, बिनबाह्यांचं, करड्या रंगाचं जाकीट पाठवलं. ते मानेला टोचायचं, तरी मी ते भर दुपारी घालून बाजारात जायचो. साडूभाऊ आले, त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्या मानेमागे हात घालून आतली पट्टी बाहेर काढली, आणि तिच्यावर तो चौकोनी काळा-पांढरा ठसा होता, फोनने टिपला की माहिती दाखवणारा. खाली लिहिलं होतं: हे वस्त्र कोणी घडवलं ते पाहा. मी फोन धरला. पडद्यावर एक म्हातारा मेंढपाळ आला, डोक्याला लाल पागोटं, काखेत कोकरू, ओठभर हसू. खाली 'नामदेवराव, मेंढपाळ, विदर्भ.'

साडूभाऊंचा चेहरा तेव्हा मी पाहिला तसा त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "मास्तर, प्रेषक लिवला हाये बाप्पा!" म्हणून ते ओट्यावर बसलेच. आयुष्यभर ते जगाकडे जे मागत होते ते कोणीतरी स्वतःहून लिहून दिलं होतं. हा आनंद मिनिटभर टिकला. मग त्यांनी खालची ओळ पुन्हा वाचली.

"विदर्भ?" ते म्हणाले. "विदर्भ हा काय पत्ता हाये? गाव कुठी? तालुका कुठी? असं पत्र माया खनात आलं असतं तं मी कुठी टाकलं असतं?"

मी म्हटलं, भाऊ, एवढं लिहिलं हेच खूप नाही का. त्यांनी ऐकलं नाही. फोन डोळ्यांशी नेऊन ते त्या म्हाताऱ्याच्या मागची भिंत वाचत होते. रंग उडालेल्या भिंतीवर 'झोरी' एवढीच अक्षरं कोकराच्या कानामागून दिसत होती. "इंझोरी," ते म्हणाले. चालत्या गाडीत, पावसाने पुसलेले पत्ते वाचलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

रविवारी आम्ही दोघं निघालो. शेलूबाजारपर्यंत एसटी, पुढे जीप, त्यापुढे आणखी एक जीप. जाकीट मी घातलंच होतं, कारण साडूभाऊंच्या मते ती मूळ वस्तू होती आणि पुराव्याला लागणार होती. इंझोरीत फोनवरचा फोटो दाखवल्यावर तिसऱ्याच माणसाने सांगितलं, हे तर गोदामावरचे नामदेवबुवा. म्हातारा गोदामाच्या दाराशी खुर्चीवर बसला होता. डोक्याला पागोट्याऐवजी टोपी, हाती काठी, पण हसू तेच. मेंढरं विकून त्याला चार वर्षं झाली होती. सगळीकडे सोयाबीन झालं, चरायला जागा राहिली नाही, गुडघे गेले, म्हणून आता तो राखणदारी करत होता. पुण्याकडून कोणी लोक आले होते खरे, मेंढरं असताना. कातरणी पाहिली, दिवसभर फोटो काढले, चहा प्यायले, गेले. आपलं तोंड कोणाच्या जाकिटामागे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी जाकीट काढून त्याच्या हाती दिलं. त्याने दोन बोटांत धरून चोळलं आणि मला परत केलं. "ही आमची लोकर नोहे," तो म्हणाला. "आमची याच्याहून जाड राहे."

साडूभाऊ माझ्याकडे विजयाने पाहणार एवढ्यात म्हाताऱ्याने फोन मागितला. मी फोटो बोटांनी मोठा करून दिला. त्याने स्वतःच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो फोटोच्या डाव्या कडेला पाहत राहिला. तिथे, जिथे चित्र संपत होतं, एक हात होता. मनगटापर्यंतचा. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदण, आणि बोटांत सूत कातायची टकळी. मला तो हात तोवर दिसलाही नव्हता.

"हा आमच्या घरचीचा हात हाये," तो म्हणाला. "गोंदन पाहा न. कातनं सारं तीच करे, मी तं नुस्ता मेंढरामांगं." मग त्याने बोटाने तो फोटो उजवीकडे सरकवून पाहिला, जोर लावून, जणू कडेला अडकलेली ती बाकीची बाई ओढली की आत येईल. "बाकीची कुठी हाये?"

ती जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात तिचा फोटो नव्हता. आधारकार्डावर होता, पण तो पाहून तिची मुलं म्हणायची, ही आमची माय नाहीच. त्या दिवशी फोटोवाल्यांनी दोघांना शेजारी उभं केलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण ती लाजून तोंड फिरवत होती आणि कॅमेऱ्यावाला पोरगा "मावशी, इकडं पाहा" म्हणून दमला होता. मी जाकिटाची बटणं लावत बसलो.

"तुमाले आनून देतो," साडूभाऊ म्हणाले. हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, की मला त्यांचा रागच आला. कुठून आणणार होते?

त्यांनी आधी नेहमीची वाट धरली. कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलं, दोन पानी, मुद्देसूद. उत्तर नाही. मग माझ्या फोनवरून कंपनीला निरोप लिहायला लावला. तिकडून क्षणात उत्तर आलं की आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया ऑर्डर क्रमांक कळवा. क्रमांक मुलीकडून घेऊन कळवला. तेव्हा आपल्याला पुढच्या खरेदीवर सवलत मिळेल असं उत्तर आलं. साडूभाऊंनी सवलत नाकारणारं पत्र लिहिलं, त्यावर आणखी सवलत आली. तीन आठवडे हे चाललं. दर रविवारी ते इंझोरीला जाऊन म्हाताऱ्याला प्रगती सांगत, आणि प्रगती नसल्यामुळे लवकर परत येत. म्हातारा दर वेळी तो हात पाहायला फोन मागायचा, आणि फोन तर माझ्याकडे असायचा, असं ताई सांगायची. म्हणून साडूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा टचफोन घेतला. तो कुठं तयार झाला हे त्यांनी दुकानदाराला विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

एका दुपारी ते घाईघाईने माझ्याकडे आले. "मास्तर, वापस करा."

"काय?"

"जाकीट. आपल्या खात्यात पाठोलेलं पत्र कोनी नाई वाचत. वापस आलेलं मात्र वाचाच लागते. कोनी पाठोलं, काहून पाठोलं, सारं लिवा लागते. परत आलेल्या मालाले टेबलावर मानूस राह्यतेच."

परत करायची मुदत संपायला चार दिवस होते. खरं सांगतो, मला जाकीट सोडवत नव्हतं. मुलीच्या पहिल्या पगाराचं होतं. पण तो हात मी पाहिला होता. फोनवर परतीचा अर्ज उघडला. कारणं दिलेली होती, त्यातलं एक निवडायचं: माप लहान, माप मोठं, रंग वेगळा, माल खराब, वस्तूचा भाग मिळाला नाही. साडूभाऊंनी चष्मा पुसला आणि शेवटच्या कारणावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, मधल्या सुटीत, फोन आला. साडूभाऊ सकाळपासून शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसले होते. पलीकडे एक मुलगी होती, आवाजाने माझ्या मुलीच्याच वयाची. "सर, तुम्ही वस्तूचा भाग मिळाला नाही असं नोंदवलंय. कोणता भाग, बटण आहे का?"

फोन मी स्पीकरवर ठेवला होता, तो साडूभाऊंनी माझ्या हातून घेतला. "बाई," ते म्हणाले.

"हो, बोला सर."

"नाई, बाई नाई भेटली. तुमच्या फोटोत हात हाये, बाई नाई. त्या मानसाची बायको. तिनं सूत कातलं, तिले तुमी काटली. थे आता नाई राह्यली पोरी. तिचा फोटो नाई त्याच्यापाशी."

मला वाटलं फोन कटला. मग ती मुलगी म्हणाली, "काका, मला नीट सांगा." सर गेलं आणि काका आलं, तेव्हा काम होणार असं मला वाटलं. साडूभाऊंनी सगळं सांगितलं, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा यांसह. तिने लिहून घेतलं. मग जरा चाचरत कबूल केलं, की त्या पानावरचे फोटो प्रातिनिधिक असतात, जाकीट नेमकं त्यांच्याच लोकरीचं असेल असं नाही. "मंग तसं लिवा न," साडूभाऊ म्हणाले. ते रागावले नव्हते. "खोटा प्रेषक लिवू नये. आमच्या खात्यात त्याले गुन्हा म्हंतात." फोटो काढणारा नोकरी सोडून गेला होता. शोधते, म्हणाली. आणि जाकीट परत घ्यायला माणूस पाठवू का? साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "भाग भेटला की तक्रार मिटली," ते म्हणाले. मी त्यांना तिथंच मिठी मारणार होतो, पण मुलं पाहत होती.

दहा दिवसांनी फोटो आला. पूर्ण. उजवीकडे नामदेवबुवा कोकरू घेऊन हसतात, आणि डावीकडे ती, डोक्यावरून पदर, हातात टकळी, तोंड अर्धं फिरवलेलं, पण हसू लपत नाही. ती हसत होती म्हणूनच तोही हसत होता, हे अर्ध्या फोटोत कळायला मार्ग नव्हता. ताई तो फोटो बराच वेळ पाहत होती. "काटाचंच होतं तं बुवाले काटाचं होतं," म्हणाली.

वाशीमच्या स्टुडिओतून मोठी प्रत काढून आम्ही इंझोरीला गेलो. म्हाताऱ्याने पाकीट उघडलं आणि फोटो गुडघ्यावर ठेवला. तिच्या तोंडावरून त्याने एकदा अंगठा फिरवला, हळूच, शाई ओली असावी असा. मग टोपी काढून डोळे पुसले आणि आम्हाला चहा घ्याच म्हणाला. साडूभाऊंनी तोवर खिशातून पेन काढलं होतं. फोटो उलटा करून त्यांनी मागे 'प्रेषक' लिहिलं आणि विचारलं, "नाव सांगा."

"नामदेव..."

"तुमचं नाई. तिचं."

म्हातारा घुटमळला. "आमच्या घरची," तो म्हणाला.

"बुवा, 'घरची' हा पत्ता नोहे."

म्हाताऱ्याने गोदामाच्या दाराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत नाव घ्यायची वेळ आली नव्हती, लग्नातल्या उखाण्यापुरतं एकदा घेतलं असेल. "गिरजा," तो म्हणाला. मग पुन्हा, थोडं मोठ्याने, "गिरजा." आणि कोणीतरी आतून ओ देईल अशा आशेने तो क्षणभर थांबला. साडूभाऊंचं पेनही थांबलं होतं. मग त्यांनी लिहिलं: गिरजाबाई नामदेव, मुक्काम इंझोरी, आणि पुढे पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं. टपालातलं ते घोटीव अक्षर त्या दिवशी जरा हललं, आणि ते चालत्या गाडीत नव्हते.

कंपनीच्या त्या पानावर आता नुसती मेंढरं आहेत. खाली प्रातिनिधिक असं लिहिलंय. साडूभाऊंना ते मान्य आहे. माझं जाकीट अजून माझ्याकडे आहे, अजून टोचतं. कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगतो, की लोकर कोणाची ते माहीत नाही, आणि आतल्या पट्टीवर साडूभाऊंची 'प्रेषक अज्ञात' चिठ्ठी शिवलेली आहे. त्यांचेही गुडघे आता दुखतात, स्वेटरवाल्यांच्या तंबूपर्यंत जाणं होत नाही. मागच्या हिवाळ्यात त्या बाईच त्यांची चौकशी करत घरी आल्या होत्या.

त्याच हिवाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. पांघरायला ताईने नेहमीची, तिनेच शिवलेली गोधडी दिली. सवयीने कड चाळली, तर जुनी चिठ्ठी उसवून नवी लावलेली. 'घरगुती' गेलं होतं. त्या जागी ताईचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, तालुका, जिल्हा. घरातल्या सगळ्या गोधड्यांवर तसंच, लोणच्याच्या बरण्यांवर तसंच. सकाळी मी ताईदेखत त्यांना विचारलं, भाऊ, हे कधी बदललं? ते पेपरातून वर न पाहता म्हणाले, "पत्ता अपुरा होता."

"यायले आता काही काम नाई राह्यलं," ताई म्हणाली आणि गोधडी आवरायला घेतली. घडी घालताना ती चिठ्ठी आत गेली, तेव्हा तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली, चिठ्ठी वर येईल अशी.